पोर्टलला किडनी दिसत नाही

"मले नको टोचू, बाई. हिले टोच."

वंदना सिस्टरच्या हातात भरलेली सिरिंज होती. समोर खुर्चीवर लीलाबाई, वय अडुसष्ट. सिस्टरने दंडाला कापूस लावला आणि बाईंनी दंड पदराखाली झाकून टाकला. मागे त्यांची मुलगी मनीषा उभी होती, एकावर एक दोन मास्क लावून. तिचं मनगट धरून लीलाबाई तिला खुर्चीकडे ओढत होत्या. रांगेतले लोक मान वाकडी करून बघायला लागले.

मी त्या कोविड लसीकरण केंद्राची मेडिकल ऑफिसर होते. केंद्र म्हणजे नागपुरात प्रताप नगरकडच्या एका शाळेचा हॉल. बाक भिंतीला लावलेले, फळ्यावर आमच्या सूचना लिहिलेल्या. मी पंख्याखाली बसून रोज शंभर भांडणं सोडवत होते. तेव्हा वाटलं, हे एकशे एकावं.

"काय झालं, मावशी?"

"काही नाई झालं. माहा नंबर आला न? मोबाइलवर मेसेज आला न? तं मी माहा डोस माह्या पोरीले देऊन राहिली."

"असा देता येत नाही हो."

"काहून नाई? किडनी देली तवा चाललं न!"

भरलेली सिरिंज हातात धरून चर्चा करत बसता येत नाही. मी सिस्टरला खुणेने रांगेतल्या पुढच्या आजोबांना घ्यायला सांगितलं आणि दोघी मायलेकींना शेजारच्या वर्गात नेलं. मनीषा ओशाळली होती. "सॉरी मॅडम. आई सकाळपासून हेच म्हणून राहिली. मी सांगितलं, असं चालत नाही. पण ऐकते थोडीच?"

आता थोडं समजावून सांगते. प्रिकॉशन डोस नुकता सुरू झाला होता. लोक त्याला बूस्टर म्हणायचे. पहिल्या दोन डोसांनी अंगात आलेली ताकद काही महिन्यांनी उतरते, ती तिसऱ्या डोसने पुन्हा चढवायची. सुरुवातीला तो तीनच प्रकारच्या लोकांना मिळत होता. आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले म्हणजे पोलीस, सफाई कामगार वगैरे, आणि साठीपुढचे आजारी लोक. तेही दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील तर. लीलाबाईंना बीपी होतं आणि साठी केव्हाच उलटली होती. त्या नियमात बसत होत्या. मनीषा सत्तेचाळीस वर्षांची. ती बसत नव्हती.

आणि खरी गरज तिलाच होती. तीन वर्षांपूर्वी तिची किडनी बदलली होती. किडनी आईची. आता शरीराला दुसऱ्याचा अवयव लगेच कळतो, मग तो सख्ख्या आईचा का असेना. शरीराचे चौकीदार त्याच्यावर धावून जातात. म्हणून आयुष्यभर गोळ्या देऊन त्या चौकीदारांना अर्धवट झोपेत ठेवावं लागतं. त्याने किडनी वाचते. पण लस टोचली तरी हे पेंगणारे चौकीदार तिच्यापासून धड काही शिकत नाहीत. अशा पेशंटला दोन डोस पुरत नाहीत. तिच्या किडनीच्या डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मनीषाने फाइलमधून ती चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. ती वाचायची मला गरजही नव्हती.

गंमत बघा. गंमत कसली, डोकं फिरायची गोष्ट. आदल्या वर्षी पहिला डोस सुरू झाला तेव्हा पंचेचाळीस ते साठमधल्यांसाठी आजारांची एक यादी निघाली होती. त्यात किडनी ट्रान्सप्लांट होतं. मनीषाने त्याच नियमावर आईबरोबर येऊन डोस घेतला होता. बूस्टरची पाळी आली आणि आजारांची सवलत साठीपुढच्यांपुरती उरली. म्हणजे मार्चमध्ये सरकारला मनीषाची किडनी दिसत होती. जानेवारीत दिसेनाशी झाली.

हे मी लीलाबाईंना जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं माहेर उमरेडचं, विणकराचं. लग्न होऊन नागपुरात आल्या, नवरा लवकर गेला, साड्यांना फॉल-पिको करून एकुलत्या एक मुलीला शिकवलं. मनीषाने लग्न केलं नाही. हिंगण्याच्या एका कंपनीत ती अकाउंट्सला होती. बाई शाळा फार शिकलेल्या नव्हत्या, पण एकदा अनुभवलेली गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असायची.

"हे पाहा बाई," त्या म्हणाल्या. "किडनी देली तवा तिथच्या मोठ्या सायबानं मले एकटीले बसवलं. इचारलं, बाई, कोणाची जबरदस्ती तं नाई न? आपल्या मर्जीनं देऊन राहिल्या न? मी म्हणलं, हो, मर्जीनं. माय असल्याचे कागद दाखवले, फोटो काढला, सही घेतली. झालं. आता तुमी इचारा. मी मर्जीनंच देऊन राहिली. सही लागन तं सही घ्या."

मला हसू आलं नाही. कायद्याने या बाईला आपल्या पोटातली किडनी देऊ दिली होती. तोच कायदा लशीचं अर्धा मिली देऊ देत नव्हता.

"डोस नोंदणीच्या पोर्टलवर नावावर असतो, मावशी. तो बदलता येत नाही."

"मंग मले बी नको."

त्या उठल्या. मनीषा "आई, अशी काय करतेस वं, ऐक नं" म्हणत मागे गेली. मी दारापर्यंत गेले, हाका मारल्या. बाईंनी वळून पाहिलं नाही.

आता माझ्यापुढे दोन प्रश्न झाले होते. मुलीला डोस मिळत नव्हता आणि आई मिळालेला घेत नव्हती. एकीच्या अंगात उसनी किडनी, दुसरीच्या अंगात एकच. बाहेर तिसरी लाट वर चढत होती. मी झोनच्या साहेबांना, म्हणजे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, फोन लावला.

"सर, पेशंट सत्तेचाळीसची आहे. बूस्टर हवाय."

"साठ आहेत का?"

"नाही सर, सत्तेचाळीस म्हटलं ना. पण किडनी बदललेली आहे."

"मॅडम, पोर्टलला किडनी दिसत नाही. जन्मतारीख दिसते."

"सर, तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हाला तर दिसते ना?"

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "पोर्टल माझ्या बापाचं नाही, मॅडम. उद्या कॅन्सरवाला येईल, परवा एचआयव्हीवाला येईल. सगळे खरेच असतील. मी कोणाला हो म्हणू? तुम्ही वर लिहा. मी फॉरवर्ड करतो."

साहेब वाईट नव्हते. दुसऱ्या लाटेत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता आणि तरी हा माणूस ऑफिसात येऊन बसत होता. आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. लस सगळ्यांना एकदम देता येत नसेल तर रेघ कुठेतरी मारावीच लागते. मी त्याच दिवशी वर लिहिलं. सोबत किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

संध्याकाळी डेटा एंट्रीवाला पंकज माझ्या टेबलापाशी आला. दोन लेकरांचा बाप, व्यवहारी माणूस. हळूच म्हणाला, "मॅडम, तिले हेल्थकेअर वर्करमध्ये टाकून देऊ ना. कुठल्या बी नर्सिंग होमचं लेटर आणा म्हणा, की ही आमच्याकडे काम करते. बहुत लोक आणून राहिले."

खोटं नव्हतं ते. त्या दिवसांत आमच्या केंद्रावर बिल्डरांच्या बायका वॉर्ड असिस्टंट झाल्या होत्या. सोन्याच्या पाटल्या-बिलवर घालून बूस्टर घेऊन गेल्या. कागद शिक्क्यानिशी होता, मी काय म्हणणार? मी मनीषाला फोन करून पंकजचं म्हणणं सांगितलं. हो, सांगितलं. एका डॉक्टरने सांगू नये, पण सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, लेटर देणारे माझे किडनीचे डॉक्टरच. मी रडले तर ते देतीलही. पण उद्या चौकशी झाली आणि त्यांच्या ट्रान्सप्लांटच्या लायसन्सवर आलं तर? माझ्यासारखे किती जण त्यांच्या भरवशावर आहेत. नको. मी अकाउंट्समध्ये आहे, खोटं व्हाउचर कुठं जाऊन निघतं ते मला माहीत आहे."

वंदना सिस्टरच्या मनात आणखी एक वाट होती. वायलमध्ये, म्हणजे लशीच्या छोट्या बाटलीत, दहा डोस असायचे. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकायची. त्या आठवड्यात दिवसाअखेर काही ना काही उरायचंच. सिस्टर उरलेली बाटली हातात धरून माझ्याकडे बघायची. "मॅडम, फेकायचंच आहे ना हे?"

"हो. फेक."

"तिला बोलवू का?"

"नाही म्हटलं ना."

मी खेकसले तिच्यावर. ती कंत्राटावर होती. पोर्टलबाहेर दिलेला डोस कुणी उघडकीला आणला असता तर पहिली नोकरी तिची गेली असती, माझी नंतर. आणि मनीषाला काही रिअ‍ॅक्शन आली असती तर तिला लस दिल्याचं कुठेच लिहिलेलं नसतं. हे सगळं बरोबरच होतं. तरी ती औषधं डब्यात पडताना माझा जीव तळतळायचा.

मुलीचं काही होत नव्हतं. निदान आईचं तरी करावं म्हणून मी एका दुपारी त्यांच्या घरी गेले. रस्त्यालगत दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, त्यावर कुणाची तरी जांभळी साडी. लीलाबाईंनी पाय थांबवला नाही. मशीन चालूच.

"माह्या पोरीले बोलवाले आल्या का?"

"नाही. तुम्हाला न्यायला आले."

"मंग जा."

माझा पारा चढला. मी प्रमाण भाषा वगैरे विसरले. "काहून असा हट्ट करता वं मावशी? तुमाले एकच किडनी. त्यात बीपी. तुमी अॅडमिट झाल्या तं पोरीपाशी कोण बसन? तिच्या गोळ्यायच्या वेळा कोण पाहीन?"

मशीन थांबलं. "बाई, माही किडनी तिच्यात जाऊन बसली. तिले काही झालं तं मी एकटी लस घेऊन का करू? कोणासाठी जगू?" आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, साडीवर पाणी पडू नये म्हणून तोंड बाजूला करून. डॉक्टरकी करताना ही वेळ फार वाईट असते. सांगण्यासारखं काहीच नसतं आणि उठून जाताही येत नाही.

बसल्या बसल्या मला एक सुचलं. "मावशी, किडनी देली तवा आधी तपासणी कोणाची केली? तुमची का तिची?"

"माही. किती दिवस रक्त घेत होते."

"काहून?"

"देणारी धड पायजे म्हणे."

"मग आता? दूध तुम्ही आणता. बाजार तुम्ही करता. साड्या घेऊन बाया तुमच्याकडे येतात, या मशीनपाशी तासतास बसतात. रोग घरात आलाच तर तुमच्या अंगावरून यायची भीती आहे. तुम्ही डोस घेतला तर ती भीती थोडी कमी होते."

"किती कमी?"

"थोडी. खोटं नाही सांगणार."

त्यांनी डोळे पुसले. "म्हणजे माह्या दंडात टोचलं तरी थोडं तिच्याच कामी येते."

"हो. थोडं येतं."

"मंग असं सांगाव न पयलेच," असं म्हणून त्या माझ्यावरच रागावल्या. चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधी त्या दाराशी हजर होत्या. सिस्टरने टोचलं, त्यांनी दंड चोळला नाही, अर्धा तास बाकावर गुपचूप बसल्या आणि गेल्या. मला फार बरं वाटलं. निम्मं काम तरी झालं, असं मी घरी नवऱ्याला सांगितलं.

मग लाट शिगेला पोचली. आठवत असेल तुम्हाला, त्या लाटेला लोक घाबरत नव्हते. सर्दीचा कोविड म्हणायचे. दोन दिवस ताप, गोळी घेतली, उठून कामाला. बहुतेकांचं तसंच झालं, हे खरं आहे. हिंगण्याच्या कंपन्यांनी बस बंद केल्या नाहीत. मनीषाने घरून काम मागितलं होतं. कंपनीतल्या साहेबांनी हो म्हणून सांगितलं आणि महिनाअखेरीचा हिशेब आला तेव्हा पुन्हा बोलावून घेतलं. अर्धी बस खोकत होती, असं ती मला नंतर म्हणाली.

तिला झाला. लीलाबाईंना झाला नाही. त्यांची टेस्ट दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह.

मनीषाला अॅडमिट केलं. अशा पेशंटला कोविड झाला की डॉक्टरांना फार कठीण तोल सांभाळावा लागतो. रोगाशी लढायला चौकीदार जागे हवेत, म्हणून त्यांना झोपवणाऱ्या गोळ्या कमी करायच्या. पण ते जागे झाले की किडनीवरही धावून जातात. तिच्या डॉक्टरांनी हाताशी होतं ते सगळं केलं. मी रोज फोन करत होते. फुप्फुसं हळूहळू सुधारली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, चढत गेला तो चढतच गेला.

शेवटी एका सकाळी लीलाबाईंचाच फोन आला.

"बाई, पोरगी वाचली."

"हो का! मावशी, फार छान झालं."

"किडनी गेली."

आणि त्यांनी फोन ठेवला.

तिसऱ्या डोसने ती किडनी वाचली असती का? मला बरेच जण विचारतात. मी शपथेवर हो म्हणू शकत नाही. कोणताच प्रामाणिक डॉक्टर म्हणू शकणार नाही. तिन्ही डोस घेतलेल्यांचंही कधी कधी असं झालं. पण शक्यता वाढली असती, एवढं मला माहीत आहे आणि तेवढंच मला छळतं. मी वर लिहिलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी निवृत्त झाले तोपर्यंत तरी आलं नव्हतं.

बूस्टर आधी खाजगी दवाखान्यांत अठराच्या वर सगळ्यांना पैसे भरून सुरू झाला. पण कोविड झाल्यावर तीन महिने थांबायचं हा आणखी एक नियम होता. मनीषाची पाळी तेव्हाही हुकली. पुढे सरकारी केंद्रांवर तो फुकट झाला. त्या दिवशी झोनच्या साहेबांचा फोन आला. आवाज चक्क आनंदी होता.

"मॅडम, तुमची ती किडनीवाली पेशंट! बोलवा तिला. आता कोणाला विचारायचं काम नाही."

"सर, ती किडनी गेली."

"कुठे गेली?"

"कोविडमध्ये. सध्या डायलिसिसवर आहे."

"बोलवा तरीपण," ते म्हणाले. "डोस तर घेऊ द्या."

मी बोलावलं. डायलिसिस नसलेल्या दिवशी दोघी रिक्षाने आल्या. मनीषाचा रंग काळवंडला होता, चालताना आईचा खांदा धरत होती. पंकजने नंबर टाकला आणि पोर्टलने एका झटक्यात हो म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सिस्टर डाव्या बाजूला गेली तशी मनीषा म्हणाली, "डावा नको, सिस्टर. त्यात फिस्टुला आहे." फिस्टुला म्हणजे डायलिसिसची सुई घालता यावी म्हणून हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा. तिने उजवा हात पुढे केला.

तिला बाकावर बसवलं. मी लीलाबाईंजवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते. त्याच बोलल्या.

"बाई, आता दुसरी किडनी लागन म्हणते. मी म्हणलं, माही राहिलेली घ्या न. तं ते म्हणते, असं नाई होत."

"नाही होत, मावशी."

"काहून नाई होत? मी मर्जीनं देऊन राहिली न. तुमी डॉक्टर हाये. तुमी सांगून पाहा न त्यायले एकडाव."

त्या थट्टा करत नव्हत्या. माझं उत्तर ऐकायला त्यांनी कान पुढे केला होता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, मी बोलून बघते. बोलण्यासारखं काही नव्हतं, हे मला माहीत होतं. पण पुन्हा एकदा त्या बाईला नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

मनीषा अजून डायलिसिसवर आहे. तिचं नाव वेटिंग लिस्टवर आहे आणि लीलाबाई अजून फॉल-पिको करतात. नियम करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन. वय मोजायला सोपं असतं, म्हणून आपण वय मोजतो. आजार मोजायला डॉक्टर लागतो. पुढच्या वेळी रेघ मारताना "डॉक्टरांनी लिहून दिल्यास" एवढे तीन शब्द तिच्या शेजारी लिहून ठेवा. जागा फार लागत नाही.